खुलैसच्या तळ्यातला जिताडा

बायपास होऊन पाच दिवस झाले तरी अबू माजिद जेवायला तयार नव्हते. टाके सुकत आले होते, ताप नव्हता, ईसीजी ठीक होता. पण जेवणाचा ट्रे जसा यायचा तसाच परत जायचा. राउंडला आलेले डॉक्टर रोज विचारायचे आणि आबिदा सिस्टर रोज तेच सांगायची, दोन घोट पाणी, अर्धा खजूर, बस्स.

आबिदाला जेद्द्याच्या त्या हॉस्पिटलात बावीस वर्षं झाली होती. छाती उघडून शिवलेली माणसं तिनं हजारांनी पाहिली होती. औषधाला नाही म्हणणारा पेशंट तिला चालायचा, त्याला समजावता येतं. अन्नाकडे पाठ फिरवलेल्याची मात्र तिला धास्ती वाटे. म्हातारे त्र्याहत्तर वर्षांचे होते, उंच, शिडशिडीत बांध्याचे, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले. फाइलीवर त्यांचं लांबलचक नाव होतं, पण वॉर्डात सगळे त्यांना मोठ्या मुलाच्या नावावरून अबू माजिदच म्हणत. बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. तेव्हापासून ते खुलैसच्या बाजूला, शहरापासून तासाभरावर, आपल्या मळ्यावर राहायचे.

सहाव्या दिवशी दुपारी माजिद भेटायला आला. आबिदा म्हाताऱ्यांच्या हातावरची सलाइनची पट्टी बदलत होती.

"तळ्याचं काय?" अबू माजिदनी विचारलं. दोन दिवसांत ते पहिल्यांदाच आपणहून बोलले होते.

"काय सांगू बाबा," माजिद म्हणाला. "पावसात वादी ओढ्यासारखी फुगली, लोंढा सगळा तळ्यात आला. पाणी दुधाच्या चहासारखं झालंय. दोन शुक्रवार गळ टाकून बसलो, एक मासा हलला नाही. मेले असतील सगळे. मी म्हणतो, पाणी उपसून तळं बुजवू या. त्या जागेवर चार खोल्या बांधल्या तर लोक सुट्टीला येतील."

म्हाताऱ्यांनी हळूच भिंतीकडे तोंड वळवलं.

आबिदाचं बोट पट्टीवरच थांबलं. पेशंटच्या घरच्या गोष्टीत पडायचं नाही, हा नियम तिनंच नव्या नर्सना शिकवलेला. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "मेले असते तर वर तरंगले असते."

बापलेक दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"गढूळ पाण्यात मासा मरत नाही," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिची अरबी चांगली सफाईदार झाली होती. "त्याला दिसत नाही इतकंच. मग तो जागा बदलतो. कोणते मासे आहेत तळ्यात?"

"बारामुंडी," म्हातारे म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या हॅचरीतून बोटाएवढी पिल्लं आणली मी. स्वतः गाडी चालवत." त्यांनी माजिदला खूण केली. माजिदनं मोबाइलवर फोटो शोधून दाखवला. उतरतं कपाळ, रुंद तोंड, चांदीचं अंग, आणि शेपटी पंख्यासारखी गोल.

"हा तर जिताडा," आबिदा मराठीतच म्हणाली.

"काय?"

"आमच्याकडे याला जिताडा म्हणतात. माझ्या वडिलांनी आयुष्यभर हाच मासा धरला."

अबू माजिद उशीवर जरा वर सरकले. "मग सांग, आता ते कुठे आहेत?"

आबिदानं ट्रेकडे पाहिलं. शोरब्याची वाटी झाकलेली होती, अजून कोमट होती. "या अम्म," ती म्हणाली. वॉर्डात वयस्कर पेशंटांना ती काका म्हणायची, तेच अरबीतून. "अर्धी वाटी शोरबा प्या. मग सांगते."

म्हातारे तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. माजिदनं लगबगीनं चमचा दिला.

पुढचे सहा दिवस हाच व्यवहार चालला. सकाळी नाश्ता, मग एक गोष्ट. दुपारी भात आणि कोंबडी, मग दुसरी. आबिदाची शिफ्ट नसली की म्हातारे ट्रे रोखून ठेवायचे, "सिस्टर येऊ दे," म्हणून. शेवटी तिनं इतर नर्सना सांगून ठेवलं, आज ते जेवले नाहीत तर उद्या मी काहीच सांगणार नाही म्हणावं.

सांगायला तिच्याकडे खूप होतं. राजपुरी खाडीच्या कडेला म्हसळ्याच्या बाजूचं तिचं गाव. तिचे अब्बा, इसहाक, खाजणाच्या बांधावरची उघाडी सांभाळायचे. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दारं असतात, ती उघडायची, मिटायची. त्या उघाडीच्या तोंडाशी जिताडा यायचा. ती आठ-नऊ वर्षांची असल्यापासून अब्बा तिला पहाटेच्या, फजरच्या नमाजनंतर बरोबर नेत. बांधावर पोचलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आज पाणी कसं हाय गो?" ती वाकून बघायची आणि सांगायची, ताकासारखं. किंवा चहासारखं. किंवा थंडीत, पाऊस संपून महिने झाले की, काचेसारखं. मग अब्बा आमिष निवडायचे.

"रंगावरून?" अबू माजिदनी विचारलं.

"रंगावरूनच. पाणी ताकासारखं असलं की जिताडा खोलात राहत नाही, काठाला येतो. कशाला तरी अंग लावून उभा राहतो, दगडाला, खांबाला, झाडाच्या मुळाला. डोळे कामाचे नसतात ना, मग तो अंगानं ऐकतो. त्याच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते, तिला पाण्यातली थरथर कळते. अशा वेळी लहान, चकचकीत आमिष उपयोगाचं नाही. मोठं हवं, पाणी हलवणारं हवं, आणि सावकाश ओढायला हवं. त्याला शोधायला वेळ द्यावा लागतो."

हे ऐकून म्हाताऱ्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "माजिद खोलात टाकतो. मधोमध. चांदीचं आमिष."

"म्हणून तर," आबिदा म्हणाली. "भात संपवा."

बाराव्या दिवशी ते घरी गेले. जाताना व्हीलचेअरवरून त्यांनी आबिदाच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला, "या बिंती," म्हणाले, माझ्या मुली. असे निरोप आबिदाला नवे नव्हते. लोक डोळे पुसत जातात, खजुरांचे डबे पाठवतात, मग विसरतात, आणि विसरावं हेच बरं.

पण फेब्रुवारीत माजिदचा फोन आला. "सिस्टर, बाबा म्हणतात तुम्ही येऊन बघेपर्यंत तळ्याला हात लावायचा नाही. घरच्यांना घेऊन या. माझी बायकामुलंही असतील."

आबिदाचा नवरा नूरुद्दीन जेद्द्यातल्याच शराफिया भागात एका कार्गोच्या ऑफिसात होता. खेडच्या आतल्या अंगाचा माणूस, मासा ताटात आल्यावरच ओळखणारा. तो हसला. "एकोणीस वर्षांत कधी गळ हातात धरलेलं पाहिलं नाही तुला. जमेल?"

"बघू," आबिदा म्हणाली. तिला स्वतःलाच खात्री नव्हती. मुलीला, चौदा वर्षांच्या नूरैनला, न्यायचं म्हटलं तर ती हिंदीत म्हणाली, "अम्मी, वहाँ नेटवर्क होगा ना?"

तळं चांगलं मोठं होतं, दोन फुटबॉलची मैदानं मावतील एवढं. एका अंगाला खजुरांची रांग, दुसऱ्या अंगाला काळ्या दगडांचा बांध, आणि वरच्या टोकाला वादीचं पाणी येण्याची चर. अबू माजिद बांधाजवळ खुर्ची टाकून बसले होते, खांद्यावर शाल होती. चेहऱ्यावर मांस चढलं होतं. आबिदानं आल्या आल्या त्यांची नाडी बघितली, तेव्हा ते म्हणाले, "माझी नको, तळ्याची बघ."

ती काठाशी वाकली. ओंजळीत पाणी घेतलं. गाळ अजून होता, पण महिन्याभरात थोडा बसला होता. ताकातून चहाकडे.

माजिदनं आमिषांची पेटी उघडली. एखाद्या सोनाराच्या दुकानासारखी ती लखलखत होती. आबिदानं चांदीची सगळी बाजूला सारली आणि तळाचा एक काळा, बोजड मासा उचलला. रबराचा, पोटात छर्रे घातलेला. हलवला की खुळखुळायचा.

"काळा?" माजिद म्हणाला. "या पाण्यात काळा दिसणार कसा?"

"मासा खालून वर बघतो. वर आभाळ असतं. आभाळापुढे काळंच उठून दिसतं. आणि नाहीच दिसलं तर ऐकू येईल."

तिनं वेळही बघून घेतली. थंडीचे दिवस, सकाळचं पाणी गार, मासा सुस्त. दुपारी चारपर्यंत ऊन खाऊन काळ्या दगडांचा बांध तापला होता, त्याच्या लगतचं पाणी इतर पाण्यापेक्षा उबदार असणार. मासा तिथेच यायचा. शिवाय चरीतून एक बारीक धार अजून येत होती, आणि तिचं निवळ पाणी गढूळात मिसळत होतं तिथे पाण्यात स्पष्ट रेघ दिसत होती. त्या रेघेवर छोटे मासे जमतात. छोटे जमले की मोठा आडोशाला येऊन थांबतोच.

पहिल्या दोन फेका दगडात अडकल्या. हात विसरला होता. तिसरीत गरी नूरुद्दीनच्या टोपीजवळून गेली आणि तो काही न बोलता उठून लांब जाऊन बसला. सातव्या-आठव्या फेकीला मनगट आपोआप वळायला लागलं. मग ती मोजायचं विसरली. आमिष दगडांच्या अगदी कडेनं, वीतभर अंतरावरून, थांबत थांबत येत होतं. एकदा थांबलं आणि दोरी जड झाली. दगड नव्हता. दगड असा डोकं झटकत नाही.

अडीच किलोचा असेल. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे उन्हात निखाऱ्यासारखे चमकले. माजिदनं जाळी घालून उचलला आणि तो इतका हसायला लागला की त्याच्या हातून जाळी निसटता निसटता राहिली. अबू माजिद उठून उभे राहिले होते. त्यांना गळाची काठी हातात धरायची होती, आबिदानं सक्त नाही म्हटलं. "बारा आठवडे होईपर्यंत छातीवर जोर नको. नाहीतर मी दोरी कापीन."

माजिदच्या बायकोनं तो मासा भाताबरोबर शिजवला. म्हाताऱ्यांनी दोनदा वाढून घेतला. सगळे आपापल्या ताटात बघत असल्याचं सोंग करून त्यांच्याकडे बघत होते. आबिदाला आतून भरून आलं. आपण किती मोठी गोष्ट केली असं तिला वाटत होतं, खोटं कशाला बोला.

त्या अभिमानाचं पाणी एप्रिलात उतरलं.

माजिदला आता नाद लागला होता. दर शुक्रवारी तो तोच काळा मासा घेऊन त्याच बांधावर उभा राही. मार्चमध्ये त्याला तीन मिळाले. मग मिळेनासे झाले. एप्रिलचे दोन शुक्रवार कोरडे गेले आणि त्यानं पुन्हा फोन केला. "सिस्टर, पाणी आता इतकं स्वच्छ आहे की मासे डोळ्यांना दिसतात. समोर दिसतात आणि खात नाहीत. बाबांच्या जिवाला लागलंय. म्हणतात, आजारी असतील."

या वेळी ते सकाळीच पोचले. तळं ओळखू येत नव्हतं. तळाचे दगड मोजून घ्यावेत असं पाणी. बांधापुढे पाच-सहा जिताडे एका रांगेत थांबलेले, काळसर पाठीचे, निवांत. आबिदानं बांधावर उभं राहून काळं आमिष टाकलं. रांग शांतपणे फुटली आणि दहा हात पलीकडे पुन्हा जमली. तिनं चांदीचं टाकलं. एक मासा जवळ आला, बघितलं, परत गेला. साडेअकरापर्यंत तिनं पेटीतलं एकेक आमिष वापरून पाहिलं. खांदे भरून आले. पुरुषमंडळी जुम्म्याच्या नमाजला निघाली तेव्हा अबू माजिद तिला म्हणाले, "असू दे, या बिंती. तू खूप केलंस." ते इतकं मायेनं म्हणाले की तिला जास्तच ओशाळं वाटलं.

ती नूरैनशेजारी सावलीत येऊन बसली. "चहासारखं आणि ताकासारखं पाणी मला कळतं," ती म्हणाली. "नितळ पाण्यात अब्बा काय करायचे ते मी कधी नीट बघितलंच नाही. थंडीत माझी सकाळची शाळा असायची, रंग सांगून मी पळायची."

नूरैननं मोबाइलवरून मान वर केली. "तो नाना को फोन करो ना. सिंपल."

आबिदाला ते सुचलं नव्हतं. अब्बांना फोन आठवड्यातून एकदा व्हायचा, तब्येत, औषधं, कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं. मासे हा विषय त्यांच्यात कित्येक वर्षांत निघाला नव्हता. नर्सिंगला मुंबईला गेली तेव्हाच तो संपला असं तिनं धरलं होतं.

दुपारी दोनला, मंडळी परतून जेवणं झाल्यावर, नूरैननं व्हिडिओ लावला. गावाकडे साडेचार वाजले होते. ब्याऐंशी वर्षांचे इसहाक पडवीत बसले होते. डोक्यावर टोपी, हातात चहाची बशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती, चष्म्यातून ते पडद्याकडे अगदी जवळून बघत.

"अब्बा, एका तळ्यावर आलेय. जिताडा आहे. खात नाही."

इसहाक बशी खाली ठेवून सरळ बसले. "पाणी कसं हाय?"

"काचेसारखं."

"दाव."

नूरैननं फोन तळ्यावर धरला आणि हळूहळू काठाकाठानं चालत गेली. पलीकडून प्रश्न येत राहिले. वारा आहे काय? नाही. खोल किती? मध्ये दोन पुरुष. सकाळी कुठं उभी होतीस? आबिदानं बांध दाखवला.

"तोंड कुठं होतं?"

"मावळतीला."

"म्हणजे सूर्य पाठीला. मग तुझी सावली कुठं पडत होती गो?"

आबिदानं तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर पडत होती. सगळी सकाळ, लांबच लांब, थेट माशांच्या डोक्यावर.

"गढूळ पाण्यात तू माशाला शोधतेस," इसहाक म्हणाले. "नितळ पाण्यात तो तुला शोधतो. त्याला तू दिसायची नाय, एवढंच काम. काठाला उभी राहू नकोस. दहा पावलं मागं बस, जमिनीला बस. पोरीला गुलाबी ओढणी काढायला सांग. दोरी जाडी असंल तर बदल, असंल त्यातली बारीक घे. आणि ती खेळणी ठेव पेटीत. नितळ पाण्यात त्याला रबर कळतं. तळ्यात आणखी काय हाय?"

"तिलापिया आहे. बारीक बारीक."

"जिवंत लाव. बोटभर. सावली आणि ऊन मिळतात त्या रेघेवर सोड, आणि मग हात लावू नकोस. हात लावलास की फसलीस. चारला वारा उठंल तिकडं?"

नूरुद्दीननं माजिदला विचारलं. माजिद म्हणाला, उठतो, समुद्राकडून, रोज.

"मग वाऱ्याची वाट बघा. पाण्यावर सुरकुत्या पडल्या की त्याला वरचं नीट दिसत नाय. तवा तो धीट होतो."

अबू माजिद इतका वेळ खुर्चीत पुढे झुकून ऐकत होते. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण हातवारे कळत होते. त्यांनी फोन मागितला. नूरैननं त्यांच्यापुढे धरला. दोन म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले, मग सलाम झाला, तो दोघांनाही येत होता.

"त्यांना सांग," अबू माजिद म्हणाले, "की मी जेवण सोडलं होतं. ऑपरेशनच्या आधीपासूनच सोडलं होतं. बायको गेल्यावर मला त्या घरात चव उरली नव्हती. डॉक्टरांनी हृदय दुरुस्त केलं, पण जगायला परत लावलं तुमच्या मुलीनं, तुमच्या गोष्टी सांगून. मी तुमचं मीठ खाल्लंय."

आबिदानं तोंड उघडलं आणि तिला ते मराठीत सांगता येईना. स्वतःचं कौतुक स्वतःच्या बापाला कसं ऐकवायचं? नूरुद्दीन पुढे झाला. शराफियात दिवसभर अरबीत बोलणारा माणूस, त्यानं एकेक वाक्य नीट सांगितलं. आणि सांगून झाल्यावर थांबला नाही. "अब्बा, हे आता माझं," तो म्हणाला. "इथं वॉर्डात हिला सगळे शोधत येतात. मी घरी कधी बोललो नाही. पण मला अभिमान आहे. तुम्ही हिला शिकू दिलंत, लोक नको म्हणत असताना मुंबईला पाठवलंत, बांधावर नेऊन मासे धरायला शिकवलंत, त्याचं हे सगळं आहे."

आबिदानं नवऱ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत तो तिच्याशी असं बोलला नव्हता.

पडद्यावर इसहाक मान हलवत होते. "नाय, नाय. शिकवलं कसलं. तुम्हाला कुणाला ठाऊक नाय," ते म्हणाले. "माझे डोळे तवाच गेले होते. चाळिशी नव्हती झाली. झुंजुमुंजूच्या उजेडात मला काय दिसायचं नाय. बांधावर पाय कुठं पडतो ते नाय, तर पाण्याचा रंग कुठला. कुणाला सांगितलं असतं तर उघाडीचं काम गेलं असतं. म्हणून पोरीला नेत होतो. ती वाकून सांगायची, ताकासारखं, चहासारखं, मग मी आमिष लावायचो. सात वर्षं तिच्या डोळ्यांवर घर चाललं. पोर झोपेतनं उठून यायची, कधी कुरकुरली नाय. मुंबईला पाठवलं ते उपकार कसले. तिचं तिला दिलं."

 नूरुद्दीननं हळू आवाजात अबू माजिदना अरबीत सांगितलं, आणि त्यांनी छातीवर, टाक्यांच्या खुणेवर, हात ठेवला.

आबिदाला त्या सकाळी आठवत होत्या. अब्बांनी तिचा हात घट्ट धरलेला असायचा, बांध सुरू झाला की आणखी घट्ट. आपण पडू नये म्हणून धरतात, असं ती समजत आली होती.

"अब्बा, मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"सांगून तुला भ्या वाटलं असतं. जा आता. वारा येईल."

वारा चार वाजून गेल्यावर आला. तोवर अब्बांनी सांगितलं तसं सगळं केलं होतं. सूर्य आता समोर, सावल्या पाठीमागे. सगळे पाण्यापासून लांब, सतरंज्यांवर बसलेले. नूरैन ओढणी काढून मळकट शाल पांघरून. गळाची काठी अबू माजिदच्या हातात होती. बारा आठवडे उलटून गेले होते, आबिदानं मनातल्या मनात पुन्हा मोजून घेतलं आणि परवानगी दिली. माजिद त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला होता. जिवंत तिलापिया खजुरांच्या सावलीच्या कडेला सोडला होता. काहीही करायचं नव्हतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. माजिदचा हात दोनदा दोरीकडे गेला, दोनदा आबिदानं त्याला नजरेनं अडवलं.

पाण्यावर पहिली सुरकुती पडली, मग सगळं तळं खरखरीत झालं. तळाचे दगड दिसेनासे झाले.

दोरी एकदम गेली. झटका नाही, ओढ नाही, नुसती सरळ निघून गेली, कुणी हातातून काढून घ्यावी तशी. "आता," आबिदा म्हणाली. म्हाताऱ्यांनी काठी वर उचलली आणि ती कमानीसारखी वाकली. मासा दोनदा पाण्याबाहेर उडाला, दुसऱ्यांदा इतका उंच की नूरैन उभी राहिली. आबिदाचं लक्ष माशाकडे नव्हतं, म्हाताऱ्यांच्या श्वासाकडे होतं. "माजिदकडे द्या," ती दोनदा म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा मात्र मुलाचा हात आपल्या हातावर घेतला आणि दोघांनी मिळून ओढला.

सहा किलो आणि वर थोडा. त्यांनी आणलेल्या त्या पिल्लांपैकीच एक असणार, आठ वर्षांचा. अबू माजिद त्याच्याजवळ जमिनीवर बसले, ओल्या कुशीवरून बोट फिरवलं, ती रेघ शोधली आणि माजिदला दाखवली. "हिच्यानं ऐकतो तो," ते म्हणाले, वर्गात नकाशावर नदी दाखवावी तसं. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "तळं राहू दे."

"राहू दे," माजिद म्हणाला.

मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजच्या आधी निघायचं होतं, पण जेवल्याशिवाय कुणी सोडणार नव्हतं. पहिलं ताट आबिदाला आलं, माशाचं डोकं आणि गालाचा भाग, जो घरच्या मोठ्या माणसाला देतात. ती नको म्हणत होती. माजिदची बायको म्हणाली, बाबांनी सांगितलंय. आबिदानं खाल्लं. खाडीतल्या जिताड्याची चव नव्हती त्याला. गोड्या पाण्यातला जरा मऊ लागतो. तिनं ताट पुसून खाल्लं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिनं अब्बांना फोन लावला. ते जागेच होते.

"किती भरला?"

"सहा किलो. थोडा वरच."

"बारीक दोरीवर?"

"हो."

"अल्ला," ते समाधानानं म्हणाले. "धीर धरला म्हणायचा तुमच्या म्हाताऱ्यानं."

"अब्बा," आबिदा म्हणाली. नूरुद्दीननं गाण्याचा आवाज बंद केला. "मला बोलायचं होतं. नर्सिंगला सोडलंत तेव्हापासून बोलायचं होतं, राहूनच गेलं. तुम्ही म्हणता माझं मला दिलं. तसं नाही. चाचांनी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं माझ्यापायी, मला माहीत आहे. मी फार सुखात आहे अब्बा. जे आहे ते तुमच्यामुळे आहे. शुक्रिया म्हणायचं होतं, एवढंच."

 फोन कटला की काय म्हणून तिनं पडदा बघितला. कटला नव्हता.

"बरं," इसहाक म्हणाले.  मग पुढे म्हणाले, "त्यांना सांग, उन्हाळ्यात पाणी हिरवं होईल. शेवाळ धरेल. तवा दुपारचे जाऊ नका, उजाडताना जा. बाकीचं फोनवर सांगेन."

"सांगते."

मागच्या सीटवरून नूरैन पुढे झुकली. "नाना, जून में हम आ रहे हैं. मुझे भी ले जाओगे वहाँ, बांध पे?"

"येशील तर नेईन की," म्हातारे म्हणाले. "आता मला दिसतं चांगलं."